सान लोरेंझोपासून कामोठ्यापर्यंत : बालशिक्षणाच्या विचाराचा प्रवास

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेचा कोणताही अंक वाचकांनी उघडून पाहावा. अखेरच्या पृष्ठांवर गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे ओळीने मांडलेली आढळतील. कोणास शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळाले, कोणी अभियंता झाला, कोणी वैद्यकीच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळविला. ही पृष्ठे पाहून आमचा ऊर भरून येतो, हे आम्ही आरंभीच नमूद करतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून आम्हांस या गौरवाचे वावडे आहे असा कोणाचा समज होऊ नये. तथापि ही छायाचित्रे पाहताना आम्हांस नेहमी एक न छापलेले छायाचित्र दिसते. ते आमच्या थोरल्या बहिणीचे होय.

कामोठे हे तेव्हा कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील खाडीकाठचे भातशेतीचे गाव होते. खाऱ्या पाण्यास बांध घालून राखलेली जमीन, पावसाळ्यात लावणी, पुढे कापणी, झोडणी आणि उरलेल्या महिन्यांत मिठागरावर किंवा खाडीवर मिळेल ते काम, असा वर्षाचा क्रम असे. या क्रमात घरातील स्त्रीस उसंत नव्हती. ती लावणीस उतरली की पाठचे मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजे आणि त्या झोळीस झोका देण्यासाठी घरातील मोठी मुलगी बसे. मोठी म्हणजे सात-आठ वर्षांची. आमची बहीण दुसरीच्या वर्गातून उठली ती अशीच, झोळीची दोरी हातात धरून. त्या झोळीतील मूल आम्ही होतो. पुढे आम्ही शिकलो, नोकरीस लागलो, या मंडळाने एके वर्षी आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. तिला आजही स्वतःचे नाव सावकाश, एकेक अक्षर जुळवीतच लिहावे लागते.

म्हणून संपादकांनी 'शिक्षण' या विषयावर लिहिण्यास सांगितले तेव्हा आम्ही शालान्त परीक्षेकडे न वळता झोळीकडे वळलो. सहा वर्षांखालील मुलाचे शिक्षण हा विषय आपल्याकडे बायकांच्या कौतुकाचा मानला जातो. वस्तुतः गेल्या सव्वाशे वर्षांत त्यावर जगभर जितके शास्त्रीय संशोधन झाले तितके मॅट्रिकच्या परीक्षेवर खचितच झाले नसेल. ते संशोधन विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून निघून आपल्या दारापर्यंत कसे आले, वाटेत त्याचे काय झाले आणि दारात येऊन ते कोणत्या रूपात उभे आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट कष्टकरी आईच्या घरातून निघतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रोम शहरातील सान लोरेंझो ही गोरगरिबांची वस्ती होती. आईबाप दिवसभर कामावर जात आणि शाळेच्या वयास न आलेली मुले इमारतींतून मोकाट फिरून जिने व भिंती खराब करीत. या नासधुशीस कंटाळून इमारतींच्या चालकांनी मुलांस एका खोलीत सांभाळण्याची योजना काढली आणि ते काम मारिया मॉण्टेसोरी या डॉक्टर बाईंच्या हाती दिले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते 'बालगृह' उघडले. म्हणजे मूळ हेतू भिंती वाचविण्याचा होता. मुले वाचली ती बाईंच्या शास्त्रीय दृष्टीमुळे. मॉण्टेसोरी यांनी तत्पूर्वी मंदबुद्धी मुलांवर काम केले होते आणि इटार्ड व सेग्वें या फ्रेंच डॉक्टरांचे प्रयोग अभ्यासिले होते. त्यांनी मुलांना शिकविण्यापूर्वी मुलांकडे पाहिले. दट्ट्या एकेका खाच्यात बसविण्याचे काम एक लहान मुलगी कोणी न सांगता पुन्हा पुन्हा करते, भोवतीचा गलबलाही तिला ऐकू येत नाही, हे त्यांनी टिपून ठेवले. चार-पाच वर्षांची मुले हाताची व इंद्रियांची तयारी झाली की आपण होऊन लिहू लागतात, हेही त्यांनी पाहिले. त्यांचा ग्रंथ १९०९ साली इटालियन भाषेत आणि १९१२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

त्याच्याही आधी आपल्या मुंबईत या शास्त्राचे एक बीज येऊन पडले होते. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा तो विचार त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. परंतु एका संस्थेपलीकडे, सर्वसामान्य घरांत, तो पसरावयास आणखी सुमारे तीन दशके गेली. तो पसरला भावनगरहून.

गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. आपल्या मुलास कोणत्या शाळेत घालावे, या बापाच्या काळजीतून ते मॉण्टेसोरींच्या ग्रंथापाशी आले आणि वकिली सोडून १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. लोक त्यांस 'मिशाळ आई' म्हणत. छडी हेच जेथे शिक्षणाचे मुख्य साधन होते तेथे गोष्ट, गाणे, माती आणि नाटक यांनी मुले शिकतात असे ते दाखवीत होते. १९२३ साली त्यांस येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. पगाराची व मानाची जागा सोडून तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसणे हे त्या काळी वेडेपणाचे लक्षण ठरले असल्यास नवल नाही. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ताराबाई पुढे मुंबईस आल्या आणि दादर येथे शिशुविहार चालवू लागल्या.

येथपर्यंतचा इतिहास शहरी, सुशिक्षित घरांचा आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मॉण्टेसोरींची साधने सुबक व महाग. ती ज्यांस परवडत त्यांच्याच मुलांचा 'इंद्रियविकास' होई. मॉण्टेसोरी स्वतः १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या, महायुद्धामुळे अडकून पडल्या आणि येथील वास्तव्यात त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. त्यांचा 'अ‍ॅब्सॉर्बंट माइंड' हा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली अड्यारहूनच निघाला. तरीही कामोठ्यासारख्या गावातील झोळीपर्यंत त्यातले काही पोचले नव्हते. ते पोचविण्याचा रस्ता ज्यांनी काढला त्या ताराबाई व अनुताई वाघ यांच्याविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळच्या चालीप्रमाणे उरलेले आयुष्य माजघरात काढावयाचे. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या आणि पदवी मिळविली ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. १९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची व ताराबाईंची गाठ पडली. त्याच वर्षी ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. शहरातील बालमंदिर खेड्यात न्यावयाचे, हा ताराबाईंचा प्रयोग होता. आणि पहिल्याच पावली तो अडखळला, हे फार चांगले झाले.

अडखळला तो असा. केंद्राची जागा होती, शिक्षिका होत्या, परंतु ज्यांच्यासाठी हे सारे मांडले त्या गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. शहरी संशोधकाने अशा वेळी 'पालक उदासीन आहेत' असा शेरा लिहून वही मिटली असती. या दोघींनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे. त्या हरिजनवाड्यात गेल्या आणि तेथील एका अंगणातच त्यांनी बालवाडी मांडली. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणातील बालवाडी असे दोन प्रकार त्यातून झाले. आज भारताच्या कानाकोपऱ्यात जो शब्द सरकारी फलकावर वाचावयास मिळतो तो 'अंगणवाडी' हा शब्द या अंगणातला आहे. मुले आली की प्रथम त्यांना न्हाऊ घालावयाचे, नखे काढावयाची, मग गाणे व गोष्ट. साधनांचा खर्च कोठून आणावयाचा? तर शिंपले, गोटे, बिया, पाने, बांबूच्या कांब्या. मॉण्टेसोरींच्या दट्ट्यांनी जे साधावयाचे ते चिंचोक्यांनी साधले. आम्हांस असे वाटते की या एका बदलात जितके शास्त्र आहे तितके एखाद्या प्रबंधातही नसते. कारण मूळ तत्त्व कोणते आणि त्यावरचा लाकडी मुलामा कोणता हे ज्यास कळते तोच असा बदल करू शकतो.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत हलले. तेथे दुसरी अडचण आली. पाड्यावरची मुलगी शाळेत येई ती कडेवर भावंड घेऊन. किंवा येतच नसे, कारण भावंडास टाकून कशी येणार? मुलगे गुरे राखावयास जात. येथे 'विकासवाडी' ही कल्पना आकारास आली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा. मुलीने धाकटे भावंड पाळण्यात ठेवावे, मधले बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरत असतील तेथे शिक्षक जाई.

वाचकहो, हे लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला. कोसबाड कामोठ्यापासून काही समुद्रापार नाही. जी दोरी आमच्या बहिणीच्या हातात होती ती सोडविण्याचा उपाय त्याच वर्षांत, त्याच कोकणपट्टीत, त्याच भातशेतीच्या मुलखात सापडलेला होता. तो आमच्या गावापर्यंत तेव्हा आला नाही, इतकेच.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडचे काम पाहत होत्या आणि त्यांस १९८५ साली पद्मश्री मिळाली. मान मिळाला, परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांच्या प्रयोगाची कल्पना शासनाच्या योजनेत उतरली. शाळापूर्व वयाच्या बालकांचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल १९७२ साली आला. आहार, आरोग्य आणि शिक्षण ही तिन्ही एकाच ठिकाणी मिळाली पाहिजेत असा त्याचा रोख होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रास नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात तेरा लक्षांहून अधिक अंगणवाड्या आहेत. संशोधन विद्यापीठातून खाली येते असे आपण समजतो. येथे ते एका अंगणातून वर गेले.

मधल्या काळात परदेशांत निराळ्या प्रकारचे संशोधन चालू होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ साली डेव्हिड वायकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब निग्रो वस्तीतील १२३ मुले निवडली. ५८ मुलांस उत्तम बालवर्ग दिला, ६५ मुलांस दिला नाही, आणि दोन्ही गटांतील मुलांचा चाळिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. गंमत अशी की बालवर्गामुळे बुद्ध्यंकात जी वाढ दिसली ती काही वर्षांत ओसरली. टीकाकारांनी प्रयोग फसला म्हणून सांगितले. पण मुले मोठी होऊ लागली तसा फरक दुसरीकडे दिसू लागला. बालवर्गातील मुलांपैकी अधिक जणांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले, मिळकत अधिक झाली, तुरुंगाशी संबंध कमी आला. जेम्स हेकमन या नोबेल पारितोषिक मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञाने पुढे या आकड्यांचा हिशेब मांडून सरकारांना पटवून दिले की लहानपणी घातलेला पैसा सर्वांत अधिक परत येतो.

आम्हांस मात्र याहून जमैका बेटावरील प्रयोग अधिक जवळचा वाटतो. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली १२९ तान्ही मुले घेतली. त्यांतील काहींच्या घरी गावातल्याच आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्यास एक तास जात आणि आईस मुलाशी खेळावे कसे, बोलावे कसे, हे दाखवीत. खेळणी बाजारची नसत. घरातल्या टाकाऊ वस्तूंची केलेली असत. वीस वर्षांनी पाहिले तो त्या मुलांची मिळकत, ज्यांच्याकडे कोणी गेले नव्हते त्या मुलांच्या मानाने सुमारे २५ टक्के अधिक होती. बोर्डीचे शिंपले आणि किंग्स्टनची टाकाऊ डबडी यांची गाठ कधी पडली नाही. पण दोन्हींचा निष्कर्ष एकच आहे.

आपल्याकडे मूल जन्मल्यावर सटवीची पूजा करतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे दैव लिहून जाते, असा समज आहे. घरातील म्हाताऱ्या पाटीवर कोरा कागद व लेखणी ठेवीत. शास्त्रज्ञ म्हणतात त्यात आणि या समजुतीत फरक एवढाच की लिहिणारी एका रात्रीत येऊन जात नाही. ती पहिली पाच-सहा वर्षे रोज येते, आणि ती घरातीलच कोणी असते.

आता कामोठ्यास येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले आणि कामोठ्याची शिवारे त्यात गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा, जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील गोळीबार आणि त्यात पडलेले पाच हुतात्मे यांविषयी या स्मरणिकेत वारंवार लिहिले गेले आहे. ते येथे पुन्हा सांगत नाही. साडेबारा टक्के योजनेतून मिळालेल्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या. भातखाचरांच्या जागी सेक्टर आले, खांदेश्वर व मानसरोवर ही स्थानके आली, देशाच्या नाना भागांतून माणसे राहावयास आली आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून आम्ही पनवेल महानगरपालिकेचे नागरिक झालो. बांध गेले, झोळ्या गेल्या.

आणि त्या इमारतींच्या तळमजल्यावरील गाळ्यांत, वाण्याच्या व औषधाच्या दुकानाशेजारी, शिशुवर्ग आले. नर्सरी, ज्युनिअर, सीनियर. गाळा बहुधा आपल्याच ज्ञातिबांधवाचा असतो, भाडे त्यास मिळते, आणि त्याचाच नातू गळ्यात पट्टा अडकवून तेथे फी भरून जातो. फलकावर रंगीत अक्षरांत लिहिलेले असते की मेंदूचा पंच्याऐंशी टक्के विकास सहाव्या वर्षाच्या आत होतो. हा आकडा खोटा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. पण त्या आकड्याच्या आधारे गाळ्यात जे केले जाते ते पाहिले म्हणजे हसावे की रडावे कळत नाही. संशोधन सांगते, या वयात मेंदू वेगाने घडतो म्हणून त्यास खेळ, बोलणे, माती, गाणे आणि माया द्या. फलक त्याच वाक्याचा अर्थ लावतो, मेंदू वेगाने घडतो म्हणून आताच पेन्सिल द्या. तीन वर्षांच्या बोटांत अजून बळ आलेले नसते, त्यांतून इंग्रजी बाराखडीच्या चार-चार ओळी काढून घेतल्या जातात आणि घरी पाठ दिला जातो.

हा दोष केवळ गाळेवाल्यांचा नाही. आम्हीही त्यात आहोत, ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या नातीस अशाच एका शिशुवर्गात घालण्यासाठी आम्ही स्वतः तिचा हात धरून घेऊन गेलो. तेथील बाईंनी काहीतरी विचारले. पोर धीट, ती आजीच्या बोलीत म्हणाली, "मना पानी पायजे." बाई हसल्या आणि आम्हांस म्हणाल्या, घरी जरा शुद्ध बोलत चला. आम्ही मान डोलावली. घरी आल्यावर 'मना' म्हणावयाचे नाही, 'मला' म्हणावयाचे, आणि खरे तर 'वॉटर' म्हणावयाचे, असे त्या साडेतीन वर्षांच्या मुलीस आम्हीच बजावले. पुढे पंधरा दिवस ती तेथे एक शब्दही बोलली नाही. ज्यांच्या धवल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लग्ने लागली त्या समाजाचे मूल पहिल्याच पायरीवर मुके होते आणि त्याचे कारण त्याच्या आजोबांची लाज असते. मुलाने प्रथम घरच्या भाषेत विचार करावा असे मॉण्टेसोरीही सांगत होत्या, ताराबाईही सांगत होत्या आणि आज राष्ट्रीय धोरणही सांगते. हे सारे आम्ही वाचलेले होते. म्हणजे संशोधनाची पोच आमच्या कपाटापर्यंत होती, जिभेपर्यंत नव्हती.

प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ सालीच स्पष्ट लिहिले होते की शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात आणि लहानग्यांवर लिहिणे-वाचणे-आकडे यांचा मारा करू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस; त्याखालच्या वयासाठी शासनाने व्यवस्था करावी एवढ्या मोघम वाक्यावर काम भागविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ आणि असर केंद्र यांनी राजस्थान, तेलंगणा व आसाम या राज्यांतील सुमारे १४,००० मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांस आढळले की बहुतेक खाजगी बालवर्ग हे पहिलीचेच खाली ओढलेले वर्ग आहेत आणि सरकारी केंद्रांत शिक्षणाचा भाग फारच थोडा आहे. म्हणजे एका ठिकाणी नको ते शिकवितात, दुसऱ्या ठिकाणी हवे ते शिकविण्यास वेळ नसतो.

वेळ का नसतो, हेही पाहावे. अंगणवाडी सेविकेने खिचडी पाहावयाची, लसीकरणाची आठवण द्यावयाची, वजने घ्यावयाची, गरोदर बायांच्या भेटी घ्यावयाच्या, नोंदी भरावयाच्या, आणि उरलेल्या वेळात मुलांस शिकवावयाचे. तिला वेतन नसते; मानधन असते. शब्दातील मान तेवढा तिच्या वाट्यास येतो. तिला ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयास एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. तामिळनाडूत संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. चार जिल्ह्यांतील ६४० अंगणवाड्यांपैकी निम्म्या केंद्रांत फक्त शिक्षणासाठी अर्धवेळ अशी आणखी एक बाई नेमली. दीड वर्षाने पाहिले तो शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलांची भाषा व गणिताची तयारी स्पष्ट वाढली होती, आणि पहिल्या सेविकेस उसंत मिळाल्यामुळे कुपोषणही घटले होते. त्या नव्या बाया कोणी विशेष पदवीधर नव्हत्या, गावातल्याच होत्या.

या ठिकाणी आम्ही ज्ञातिमंडळाच्या कारभाराविषयी दोन शब्द लिहिणार आहोत. ज्येष्ठांनी राग मानू नये. मंडळाच्या शिष्यवृत्त्या दहावीनंतर सुरू होतात. सहा वर्षांखालील मुलासाठी आजवर एक पैसाही खर्ची पडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. याचे कारण उघड आहे. बालवाडीतील मुलाचे टक्के छापता येत नाहीत. तथापि दहावीच्या छायाचित्रात जी मुले येत नाहीत त्यांची वजाबाकी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच झालेली असते, असे वर सांगितलेले सारे संशोधन एका सुरात म्हणते. आपल्या घरातील बायका आज लावणीस जात नाहीत. त्या दुकानांत, रुग्णालयांत, कचेऱ्यांत, परक्यांच्या घरी कामास जातात. कामोठ्याच्या इमारती बांधावयास आलेल्या मजुरांची मुले वाळूच्या ढिगावर असतात आणि त्यांस सांभाळावयास कोण असते, तर त्यांची सात-आठ वर्षांची बहीण. बांधकामावरील अशा मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे काढली आणि ती चळवळ पुढे मुंबईसही आली. ती मुले आपल्या ज्ञातीची नाहीत, असे कोणी म्हणेल. आमच्या बहिणीस मात्र ती ओळखीची वाटतात, परवा रस्त्याने जाताना अशा एका मुलीच्या कडेवरचे मूल तिने आपल्याकडे घेतले आणि त्या मुलीस म्हणाली, "जा, खेल जरा."

मंडळाच्या सभागृहाचा उपयोग लग्नसराई, हळदी व वार्षिक सभा यांसाठी होतो. सकाळी नऊ ते बारा ते वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. आत पंखे आहेत, नळ आहे, मागे पटांगण आहे आणि त्यात एक जुने चिंचेचे झाड, जे भूखंड आखताना कसेबसे वाचले. अध्यापिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या ज्ञातीतील दोन मुलींशी आम्ही बोललो आहोत. त्या तयार आहेत. आणखी एक बाई हवी, जी धवले जाणते आणि ज्या मुलास जी बोली येते तीत त्यास गोष्ट सांगते. त्यासाठी आम्ही आमच्या बहिणीचे नाव सुचविले असून, तिला लिहिता येत नाही ही हरकत येत्या सर्वसाधारण सभेत कोणी घेतल्यास तिला उत्तर देण्यास आम्ही उपस्थित राहू. साधनांचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नाही. झाडाखाली चिंचोके भरपूर पडतात.